बांधापलीकडचा गहू

ताई आणि तिचा धाकटा भाऊ बाळ्या यांची शेतं शेजारी शेजारी, मधे एक बांध. बाळ्याचं वय साठ. पण मोठी बहीण असेपर्यंत माणूस धाकटाच राहतो. बाळ्या गहू पेरायचा, ताई हरभरा. मात्र दरवर्षी दोघं शेतांची अदलाबदल करायची. एकाच जमिनीत सारखा गहू घेतला की ती थकते आणि हरभरा तिला पुन्हा बळ देतो. म्हणून यंदा बाळ्याचा गहू ताईच्या शेतात उभा होता आणि ताईचा हरभरा बाळ्याच्या. यात कुणाला कधी काही कोडं वाटलं नव्हतं.

यंदा गव्हावर तांबेरा रोग पडला. दाणे बियाण्याला ठेवण्याजोगे भरणार नव्हते. नेमकं त्याच वर्षी गहू पिकवणाऱ्यांना सरकारकडून बियाणं फुकट मिळणार होतं. ते मिळालं नाही तर बाळ्याचं पेरणीयंत्र पुढच्या हंगामात छपराखालीच राहणार होतं. त्याने अर्ज भरला आणि शेवटच्या दिवशी पाहणी अधिकारी आला.

"अहो, इथे तर हरभरा आहे!"

"यंदा त्याची पाळी आहे."

"पण तुम्ही गहू लिहिलाय."

"गहूच माझा. तो काय, पलीकडे."

अधिकारी बांध ओलांडून गेला, नकाशा पाहिला आणि परत आला. "ते शेत तर तुमच्या बहिणीचं."

"शेत तिचं, गहू माझा."

"मग हा हरभरा?"

"माझा," ताई खुरपं टेकवत उठली.

अधिकारी पुन्हा बांधावर चढला. एक बूट इकडे, एक तिकडे, असा तो बराच वेळ नकाशा उलटासुलटा करत राहिला.

"नियम असा आहे," तो शेवटी म्हणाला. "ज्याच्या शेतात गहू, तो गहू पिकवणारा. म्हणजे ताई, तुम्ही."

"साहेब, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. जन्मात गहू पेरला नाही मी."

"पाच वाजता यादी बंद होईल. तुमच्या नावाने अर्ज केला तर बियाणं मिळेल. फक्त भाऊंनी लिहून द्यायचं, 'मी गहू पिकवत नाही.'"

बाळ्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांना अजून तांबेऱ्याची भुकटी होती.

"आणि ते बियाणं पुढच्या वर्षी माझ्या शेतात पेरलं तर?"

अधिकाऱ्याने पुस्तिका दोनदा चाळली. "कुठे पेरायचं ते यात लिहिलेलंच नाही."

"मग ते आमचं आम्ही बघू," ताई म्हणाली. "कर सही, बाळ्या."

त्याने केली. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, मी खरं लिहिलं की खोटं?"

"ते मला नाही कळत. पण कागदावर गहू माझा झाला. उद्यापासून त्याला पाणी मी देते, तू हरभरा सांभाळ."

"हरभऱ्याला पाणी किती लागतं?"

"अरे, चाळीस वर्षं बांधाला बांध लावून राहिलास आणि एवढंही ठाऊक नाही?"

"बरं. मग गव्हाला किती लागतं, सांग पाहू?"

ताईने तोंड उघडलं, गव्हाकडे पाहिलं आणि मिटलं. दोघंही बांधावर बसली. नक्की कुणी कुणाला शिकवायचं, हे आधी ठरवावं लागणार होतं.