शिल्लक एक

सूनबाईच्या हाताखाली शेकडो दुकानं होती. घरात मात्र एकच होतं, आणि तेच तिचं ऐकत नव्हतं.

गावातल्या शाळा, दवाखाने, ग्रंथालयं आपलं सामान एकाच सॉफ्टवेअरवरून मागवायची. त्यात प्रत्येक पुरवठादाराचं स्वतःचं ऑनलाइन दुकान, आणि या सगळ्या दुकानांतला माल एकत्र दिसायचा तो सगळ्यांचा मिळून एक कॅटलॉग. नवी दुकानं उघडून देणं, मालाचे फोटो नीट लावून घेणं, मरगळलेली दुकानं काढून टाकणं ही सूनबाईची नोकरी. आणि तिचे सासरे सुतार. त्यांच्या लाकडी शिड्या ग्रंथालयं वर्षानुवर्षं घेत आली होती. पूर्वी फोनवर सांगितलं की काम व्हायचं. आता कॅटलॉगमध्ये जे दिसत नाही ते जगातच नाही, असा कारभार झाला होता.

म्हणून सासऱ्यांनीही दुकान उघडलं. मापं दिली, फोटो दिले. फक्त शिल्लक मालाच्या रकान्यात प्रत्येक शिडीपुढे शून्य लिहिलं, कारण मागणी आल्याशिवाय ते करवतीला हात लावत नसत. इथेच घोडं पेंड खात होतं. ज्या दुकानात एकही वस्तू शिल्लक नाही ते येत्या शुक्रवारपासून दर शुक्रवारी संध्याकाळी कॅटलॉगमधून बाहेर पडणार होतं, आणि पुढे वर्षभर परत आत येणार नव्हतं. वर्षभर मागणी नाही म्हणजे कारखान्याला कुलूप, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बाबा, दहा लिहा ना. मागणी आली की करून द्या."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"अहो, सगळे लिहितात!"

"लिहू देत. मला नाही जमायचं," म्हणत सासऱ्यांनी रंधा उचलला. म्हणजे विषय संपला.

शुक्रवारी दुपारी तिने ऑफिसात सासऱ्यांचं दुकान उघडलं. खुर्चीत बसून तिला कुणाचाही आकडा बदलता येत होता. मागून साहेब डोकावले. "टाका की दहा. म्हातारी माणसं हट्टीच असतात. कोण बघतंय?"

तिने दहा टाकले. पण गेल्याच आठवड्यात तिने एका खाटवाल्याचं दुकान बंद केलं होतं, नसलेल्या खाटा दाखवल्या म्हणून. दवाखान्यात पेशंट येऊन थांबले होते आणि खाटांचा पत्ता नव्हता. त्याला ती काय काय बोलली होती, ते तिला आता शब्दन्‌शब्द आठवलं. दहा खोडून तिने घरी फोन लावला.

"बाबा, आज दुकान जातंय. मला काही करता येत नाहीये. रडू येतंय मला."

पलीकडे लाकूड करकरलं.

"अगं, एक आहे की," सासरे म्हणाले.

"कुठली?"

"ही काय, मी चढलोय ती."

ती त्यांची स्वतःची शिडी. वडिलांच्या हाताखाली शिकताना केलेली पहिलीच. उतरून त्यांनी स्वतःच रकाना भरला: शिल्लक एक. वापरलेली. तिसरी पायरी करकरते, पण धरते. सूनबाईने कपाळावर हात मारला, पण दुकान राहिलं. आणि दुकान राहिल्यामुळे बाकीच्या शून्यवाल्या शिड्याही 'मागणीनुसार' म्हणून दिसत राहिल्या.

सोमवारी एका ग्रंथालयाची मागणी आली. तीच शिडी हवी होती. सूनबाईने घाईघाईने तिथे फोन केला, की नवी करून देतो, जुनी कशाला घेता?

ग्रंथपालबाई हसल्या. "करकरते हे आधी सांगणारा पहिलाच भेटला. तीच पाठवा."

"बाबा, नाही म्हणून कळवू का?" सूनबाईने घरी येऊन विचारलं.

"आहे म्हणून लिहिलंय ना? मग द्यायची." त्यांनी शिडी पुसली, तेल लावलं, तिसऱ्या पायरीवर हात ठेवून थोडे थांबले आणि टेम्पोत चढवली. सूनबाईने वरून दोरी बांधली. तिच्यामुळे ती शिडी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सासरे कारखान्यात वर माळ्याकडे बघत उभे होते. लाकूड वर, आणि शिडीवाल्याकडे शिडी नाही! सूनबाईने स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, वर चढली आणि एकेक दांडा खाली दिला. एका शिडीला दोनच दांडे लागतात, पण दोन झाले तरी ते हात पुढे करतच होते.

"मागणी आली वाटतं?"

"नाही. एक आपल्या घरची."

"मग हे आणखी दोन दांडे?"

सासऱ्यांनी दांडे फळीवर टेकवले आणि पेन्सिल कानामागून काढली.

"दुसरी तुझ्या त्या रकान्यात लिहायला," ते म्हणाले. "परत रडायला नको."