छकुलीचे एकतीस गुण

माझं डोकं फिरायला आबांचे तीन शब्द पुरतात. "ठरलं का गं?" बास, एवढंच. सकाळी धारेच्या वेळी विचारतात, दुपारी जेवताना विचारतात, आणि मी स्कूटीवरून बारामतीला निघाले की फाटकापाशी उभं राहून पुन्हा विचारतात.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, रामहरी. काटेवाडीतल्या आमच्या घरात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. मी कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली, तेव्हा ते निकाल घेऊन सगळ्या भावकीत फिरले. मग मला समोर बसवून म्हणाले, "पुण्याला क्लासला धाडतो. पर एक लाईन धर. दिवाळीपतुर धरली न्हाईस, तर लोणी देवकरला कंपनीत ऑपरेटरची जागा हाय. तितल्या मॅनेजरला, विजयसिंहाला, मी शब्द टाकलाय. तितं बसायचं."

तिथं बसायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. दिवसभर गेटपास टाईप करायचे आणि आल्यागेल्या ट्रकचे नंबर भरायचे. मला ते नको होतं. पण लाईन काही ठरेना. यूट्यूबवरचा एक दादा सांगायचा, डेटाशिवाय भविष्य नाही. दुसरा सांगायचा, डेटाचं दुकान बंद होतंय, सायबर सिक्युरिटी घ्या. एक ताई हसत हसत म्हणायची की वेब डेव्हलपमेंट सगळ्यात सोपं, आणि खाली कमेंटमध्ये शेकडो जण रडत असायचे. चौथा तर म्हणायचा, एआय आलंय, आता काहीच शिकू नका. मी दर आठवड्याला नवी लाईन जाहीर करायचे. आबांना ते पटणारं नव्हतं. त्यांचं गणित उसाचं. आडसाली ऊस लावला की दीड वर्ष रान अडकलं, मधेच उपटून भुईमूग पेरता येत नाही.

शेवटी माझी मैत्रीण प्रतिक्षा म्हणाली, तिच्या ओळखीत इंदापूरचा सूरज म्हणून मुलगा आहे, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्याला विचार. मी फोन लावणार, तेवढ्यात आबा मधे पडले.

"परक्या पोराशी फोनवर तासभर बोलणार? लोकं काय म्हणत्याल? त्याला हितं घरी बोलवू. काय इचारायचं ते चारचौघांत इचार."

आणि प्रतिक्षाकडून सूरजच्या वडिलांचा नंबर घेऊन त्यांनी स्वतःच फोन लावला, पार गोठ्यापलीकडं जाऊन.

मला वाटलं, बरं झालं, माणूस घरी येऊन सांगणार. माझा मूर्खपणा बघा. लग्नाच्या वयाची पोरगी घरात असताना तिच्या चुलत्यानं मुलाच्या बापाला "पोराला घेऊन या चहाला" म्हटलं, तर आमच्या भागात लोक कशासाठी येतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण मी सूरजला विचारायचे प्रश्न जुळवत बसले होते.

रविवारी गाडी आली. सूरज एकटा नव्हता. वडील भिमराव, आई बनाबाई, मागच्या सीटवर एक मावशी, आणि मावशींच्या हातात खण-नारळाची पिशवी. आईनं ती पिशवी पाहिली आणि मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"राजे, साडी नेस."

"कशाला? टेस्टिंगचं विचारायला साडी लागते?"

"अगं, तुला बघायला आलीत ती माणसं."

मी एवढी चिडले, की बाहेर जाऊन सगळ्यांना परत गाडीत बसवावं असं वाटलं. पण त्यात आईचा दोष नव्हता. तिलाही आत्ताच कळत होतं. मग माझ्या डोक्यात आलं, हाकलून दिलं तर टेस्टिंगची माहितीही त्यांच्याबरोबर इंदापूरला जाणार. बघायला आलेत ना, मग आपणही बघून घेऊ. मी होते त्याच ड्रेसवर पोहे घेऊन बाहेर गेले आणि सूरजच्या समोर खुर्ची ओढून बसले.

बनाबाईंनी सुरुवात केली. "सैपाक येतो का?"

"येतो," मी म्हटलं आणि सूरजकडं वळले. "कामाला लागलात तेव्हा तुम्हाला कोडिंग किती येत होतं?"

सूरजचा घास हातातच राहिला. "थोडंसंच. पहिली दोन वर्षं फारसं लागलं नाही. आता लागतं, मग शिकलो."

"आणि दिवसभर नक्की करता काय?"

"दुसऱ्यांनी बनवलेलं ॲप घेतो आणि मोडतंय का बघतो. नंबर मागितलाय तिथं नाव टाकतो, नको ते बटण दाबतो. मोडलं की कळवतो."

"म्हंजी?" बनाबाईंनी बशी खाली ठेवली. "तू बनवत न्हाईस?"

"नाही आई. मी चुका काढतो."

"चार वरीस मी गावाला सांगतीया, पोरगं सॉफ्टवेअर बनवतंय."

भिमराव मान खाली घालून पोहे खात राहिले. मला सूरजची दया आली, पण माझे प्रश्न संपले नव्हते. एआय आल्यावर टेस्टिंग राहील का? मुलाखतीत काय विचारतात? कंटाळा येतो का? तो प्रत्येकाचं नीट उत्तर देत होता. कंटाळ्याचं विचारलं तर म्हणाला, "येतो की. तीच स्क्रीन पुन्हा पुन्हा बघायची. दुसऱ्याच्या कामावर शंका घ्यायला ज्याला आवडत नाही, त्यानं इकडं येऊच नये." यूट्यूबवर हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बैठक भलतीकडंच चाललीय हे बनाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला. "ते ऱ्हाऊ द्या. गुण बघू. माझ्या भाच्यानं वधूवर मंडळासाठी ॲप बनवलंय. जलमतारीख टाकली की पत्रिका जुळवून देतंय." 'बनवलंय' म्हणताना त्यांनी सूरजकडं असं बघितलं, की त्यानं मान वळवली.

सूरजची माहिती त्यात आधीच भरलेली होती. माझी जन्मवेळ आबांनी घाईघाईनं सांगितली. सव्वीस गुण आले. मावशी पिशवीतून नारळ काढायला लागल्या आणि आबा मिशीत हसले. आता गंमत राहिली नव्हती. सव्वीस गुण जुळल्यावर आबांच्या समोर नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

"काकू, मला बघू द्या जरा," म्हणून मी मोबाईल घेतला. हे गुण मोजतं तरी कसं, एवढंच मला बघायचं होतं. नाव, छकुली. जन्मगाव, काटेवाडी. जन्मतारीख आणि वेळ मला पाठ होती, डॉक्टर येईपर्यंत मीच जवळ बसले होते. वय दोन वर्षं झालं, ॲपनं हूं की चूं केलं नाही. उंची चार फूट. वर्ण गव्हाळ. शिक्षण नाही. स्वभाव शांत. बटण दाबलं, स्क्रीनवर झेंडूचा हार आला.

"एकतीस," मी वाचून दाखवलं. "माझ्यापेक्षा पाच जास्त आहेत."

"कुणाची पोरगी म्हणायची ही?" मावशींनी लगेच विचारलं. "शेतीवाडी हाय का?"

मी गोठ्याकडं बोट केलं. आमची जर्सी कालवड दावणीला उभी राहून मक्याची वैरण खात होती.

सूरज इतका हसला की त्याला ठसका लागला. "वयाची अटच घातली नाही त्यानं," तो पाणी पीत म्हणाला. "आमच्याकडं नवीन पोरांना हे शिकवायला महिने जातात. सगळे खरी माहिती भरून बघतात आणि चाललं म्हणून सांगतात. तुम्ही सरळ गाय भरली."

बनाबाई उठल्या. "आमी पोरगं गाईला दाखवाय आणलं न्हाय," त्या म्हणाल्या. नारळ पिशवीत परत गेला. भिमराव चपला घालताना आबांकडं वळले. रागापेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटलं होतं. "रामहरीराव, तुमीच फोनवर म्हणाला व्हता, पोरगी उंच हाय, नाकीडोळी नीटस हाय, सुगरण हाय. म्हणून आलो आमी."

गाडी गेली. आबा अंगणात बाजेवर बसले, तोंड उसाकडं. आत आई भांडी आपटत होती. मी जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले.

"अब्रू घालवलीस," ते म्हणाले. "भावकीत काय सांगू मी आता?"

"आबा, मला टेस्टिंगचं विचारायचं म्हणून सूरजला बोलावलं होतं ना?"

"व्हय."

"तेवढ्यासाठीच?"

"व्हय म्हणतो की."

"मग त्याच्या वडिलांना माझी उंची कशाला सांगितली?"

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये असंही वाटत होतं. "निकाल घेऊन तुम्हीच फिरला होता ना गावभर," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्हाला खरंच मला पुण्याला धाडायचंय."

ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "धाडायचं व्हतंच," ते हळू आवाजात म्हणाले. "पर तुझं काय ठरंना. भ्या वाटलं मला. म्हणलं, लाईन न्हाय तर न्हाय, ठिकाण तरी चांगलं मिळंल."

"ठरलंय माझं. टेस्टिंग."

"पुढल्या आठवड्यात बदलणार न्हाईस?"

"नाही."

आबा बाजेवरून उठले. "मग उद्याच पुण्याला जाऊन क्लासचं बघून ये," ते म्हणाले. "हितं ऱ्हायलीस, तर रोज मलाच तपासशील."