तेवीस नंबरचा खण

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे. भांड्यांची नव्हे, आणि पुस्तकांची तर मुळीच नव्हे. मी रुमालांची मांडणी आहे. अक्रोडाच्या लाकडाची, चाळीस खणांची, प्रत्येक खणावर पितळेचा आकडा ठोकलेला. मला अक्षरे येत नाहीत. आकडे येतात, तेही चाळीसपर्यंत. पण ज्यांना ढीगभर अक्षरे येतात त्यांच्यापेक्षा मी माणसे बरी ओळखली. याला कुणी गर्व म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

माझा जन्म फ्रान्समधल्या लियों शहरातला, रेशीम विणणाऱ्या विणकरांच्या टेकडीवरचा. ज्या सुताराने मला घडवले त्याने एकेक खण इतका घट्ट बसवला की आत उंदराची शेपटीसुद्धा जाऊ नये. काम संपल्यावर नऊ नंबरचा खण त्याने स्वतःसाठी मागून घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

मी होते ओदेतआईच्या खानावळीत. आमच्याकडे जी बाई स्वतः चुलीपुढे उभी राहून गल्लीला जेवू घालते, तिला सगळे आई म्हणतात. ओदेत तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या बापाच्या वयाचे विणकर तिला आई म्हणत. ती वजडी, म्हणजे बैलाच्या पोटाचे मांस, पावाच्या चुऱ्यात घोळवून लोण्यात तळायची. माशाचे गोळे असे लुसलुशीत की चमच्याचा धाक दाखवला तरी तुटावेत. शेवटी गुलाबी साखरेतल्या बदामांची टार्ट. मला जीभ नाही, पण वासावरून सांगते, तिच्या पुढे बाकीच्या खानावळी म्हणजे नुसते उकळलेले पाणी.

आता माझे काम ऐका. जो रोज जेवायला येई त्याला एक खण मिळे आणि खणात त्याचा स्वतःचा रुमाल. कोपऱ्यात लाल दोऱ्याने त्याचा आकडा भरलेला. सोमवारी खानावळ बंद असे. त्या दिवशी ओदेतआई चाळीसही रुमाल धुऊन, इस्त्री करून, चौघडी घालून पांढऱ्या दोऱ्याने बांधी. मंगळवारी माणूस येई, खण ओढी, दोरा दातांनी तोडी आणि रुमाल गळ्यात खोची. मग रविवार दुपारपर्यंत तोच रुमाल. मंगळवारचा रस्सा, गुरुवारची वाइन, शनिवारी मिशांचे मेण. आठवड्याच्या शेवटी त्या फडक्यावर माणसाचा अख्खा आठवडा उमटलेला असे.

नाक मुरडू नका, मित्रांनो. लसूण, व्हिनेगर आणि आंबट वाइन यांच्या वासात मी चाळीसला दोन कमी इतकी वर्षे काढली. मला एकदाही किळस आली नाही. किळस कशाची आली ते पुढे सांगते.

खण मिळणे सोपे नव्हते. वर्षभर नेमाने जेवावे लागे आणि कुणीतरी जावे लागे. कुणी वारला की ओदेतआई त्याचा रुमाल शेवटचा धुऊन, दोरा बांधून, स्वतः त्याच्या घरी नेई आणि बायकोच्या हातात ठेवी. ही तिची रीत. दुसऱ्याच्या रुमालाला तोंड पुसणे हे तर महापाप. एकदा एक पॅरिसचा पाहुणा आला. त्याने बारा नंबरचा खण उघडला आणि त्या रुमालाने आपली हनुवटी पुसली. सगळ्या खानावळीचे चमचे जागच्या जागी थांबले. ओदेतआईने तो रुमाल चिमट्याने उचलला, चुलीत घातला आणि पाहुण्याला शांतपणे विचारले, "घरी दात घासायचा ब्रशसुद्धा शेजाऱ्याचाच वापरता का?"

तेवीस नंबर गास्पार मोरेलचा होता. हा खालच्या चौकातला चष्मेवाला. गोड बोलणारा, गोरागोमटा. ओदेतआईचा जीव याच्यावर. बाकीच्यांना ती ताट आपटून वाढी, याच्या माशातले काटे मात्र स्वतः काढून देई. "आई, तुमच्या वजडीवाचून माझा मंगळवार उगवत नाही," असे तो म्हणे आणि ही बाई, जिला खाटीक चळचळा कापत, ती पदार्थाकडे बघत गालात हसे.

मग माग बंद पडले. विणकर गेले. खाली चौकात एक ट्रे हातात घेऊन रांग लावायचे दुकान निघाले. तिथे सगळ्या पदार्थांना एकच वास येई, ओल्या पुठ्ठ्याचा. गास्पारला हल्ली वजडी पोटाला जड पडू लागली होती. आधी त्याचा एक मंगळवार चुकला, मग सगळेच. ओदेतआई तरी दर सोमवारी तेवीस नंबरचा रुमाल काढी. त्यावर ना डाग, ना सुरकुती. ती तो पुन्हा धुई, पुन्हा इस्त्री करी, पुन्हा बांधी. कोऱ्या रुमालाला साबण लावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली, दोन वर्षे.

शेवटी तिचे गुडघे गेले आणि तिने खानावळ मिटायचे ठरवले. चाळीस जणांना चाळीस चिठ्ठ्या धाडल्या, रविवारी शेवटचे जेवण, सगळ्यांनी यायचे. चाळीस रुमाल बांधून खणांत ठेवले. आले तिघे. चार नंबरचा बहिरा शिंपी, नऊ नंबरचा माझा म्हातारा सुतार आणि एकतीस नंबरची टपाल वाटणारी बाई. गास्पारने मात्र निरोप पाठवला होता की मी येतोच आहे, माझी वजडी ठेवा. ओदेतआईने ती भट्टीच्या तोंडाशी गरम ठेवली. तीन वाजले, चार वाजले. गास्पारसाठी तिने टार्ट कापली नाही. बहिऱ्या शिंप्याने दोनदा सुरीकडे बोट दाखवले, तिने दोनदा मान हलवली. पाच वाजता तिने ती वजडी कुत्र्याला घातली, तिघांना टार्ट बांधून दिली आणि दाराची फळी ओढली. माझे खण तिने उघडून पाहिले नाहीत. पाहायचे काय होते?

मला तळघरात ठेवले. तिथे मी पंचवीस वर्षे ओल पीत पडले होते. उंदीर फिरले, पण माझ्या सुताराची शपथ, एकही आत शिरला नाही.

मग लुदोविक आला. वरची जागा घेऊन त्याला नवी खानावळ काढायची होती. तरुण, हसतमुख, मनाने वाईट नव्हे, पण डोक्यात वारा. त्याने मला वर आणले आणि चकचकीत रोगण फासले. ते कमी झाले म्हणून डोक्यावर प्लॅस्टिकची वेल चढवली. खण उघडून बांधलेले रुमाल पाहिले तेव्हा तो नाचलाच. काय अस्सल जुनं आहे, म्हणाला, आणि जसेच्या तसे आत ठेवले. दारावर 'ओदेतआईची खानावळ' अशी पाटी रंगवून घेतली, फक्त वर चढवायची बाकी. आणि आत शिजत काय होते? वजडीचा फेस. होय, फेस. छपरावर घालतात तसल्या काळ्या दगडी पाटीवर थुंकल्यासारखा ठेवलेला. लोक येत, माझ्यासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढत, आणि एका बाईने तर चघळून झालेला च्युइंगगमचा गोळा माझ्या अठरा नंबरच्या पाठीला चिकटवला. तो अजून तिथे आहे.

त्याहून ओंगळ होते ते त्यांचे बोलणे. एक म्हणे, इथले लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ आठवतात. ओदेतआईकडे नुसता संगमरवर होता. दुसरी म्हणे, तिच्या हातचे माशाचे सूप, अहाहा. ओदेतआईने जन्मात सूप केले नाही. सूप म्हणजे आजाऱ्याचे खाणे, असे तिचे मत. सगळ्यांचे डोळे कसे ओले व्हायचे. मला वाटे, चाळीसही खण धाडधाड आपटावेत.

नाव लावायला ओदेतआईची सही हवी होती. लुदोविक म्हणे ती एकोणनव्वद वर्षांची होती. काठी टेकत आली. लुदोविकने सांगितले होते की लोक तुम्हाला विसरले नाहीत, जुनी माणसे रविवारी दुपारी गोळा होणार आहेत, तुम्ही याच. ती म्हणाली होती की सही तिथेच ठरवीन, माझ्या हातचे कुणाला खरोखर आठवते का ते एकदा बघायचे आहे. सफेद केस नीट बांधून, ठेवणीतला काळा कोट घालून ती आली. तिला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवले. तिने माझ्या कडेवर हात ठेवला, रोगणाला बोट लावले आणि कोटाला पुसले. मला तेवढ्याने बरे वाटले.

भाषणे झाली. शेवटी उठला गास्पार. आता पोट सुटलेले, दात नकली, पण आवाज तोच मधाळ. तो म्हणाला की या टेकडीवर अशी माणसे आता होणे नाही. शेवटच्या रविवारी मी इथेच होतो. आईने मला वजडी वाढली. सगळे गेले, मी शेवटचा उठलो आणि माझ्या तेवीस नंबरच्या रुमालाने डोळे पुसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने नाक शिंकरले, कागदी रुमालात. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला किळस आली. अशी की माझ्या खिळ्यांना गंज चढावा.

ओदेतआईने टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाली, "गास्पार, बाळा, तुझा खण उघड बघू."

तो हसला. "कशाला आई, इतकी वर्षं झाली."

"म्हणूनच. ओढ."

त्याने ओढला. माझ्या सुताराने घडवलेला खण, लोण्यासारखा बाहेर आला. आत रुमाल होता. पिवळा पडलेला, चौघडी मोडलेली नाही, आणि वर दोरा. सोमवारच्या गाठीचा, न तुटलेला.

लुदोविकच्या हातातली काळी पाटी तशीच हातात राहिली.

गास्पार चाचरला. "मी निघालो होतो, आई. खरंच निघालो होतो. मध्ये कुणीतरी भेटलं..."

"पाच वाजेपर्यंत ठेवली होती," ती म्हणाली. एवढेच.

मग ती उठली. रुमाल खणातून काढला, दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या हातांवर ठेवला. गेलेल्या माणसाचा रुमाल बायकोच्या हातावर ठेवी, अगदी तसा.

"घे. इथे जेवायचा तो गास्पार वारला. त्याचा रुमाल पोचवायचा राहिला होता. माझी रीत आहे, ठाऊक आहे ना तुला."

त्याने तो घेतला. न घेऊन सांगतो कुणाला. मग तिने काठीने माझे एकेक खण दाखवले आणि लुदोविकने ते ओढले. तेवीस धरून सदतीस खणांत सदतीस दोरे शाबूत. जे जमले होते त्यांच्या हातात तिने ज्याचा त्याचा रुमाल ठेवला, एकही वावगा शब्द न बोलता. लोक माना खाली घालून दाराकडे सरकले. ती सूपवाली सगळ्यात पुढे.

उघडायचे उरले तीन. चार, नऊ, एकतीस. त्यांचे दोरे तुटलेले होते आणि रुमालांवर त्या रविवारचे डाग होते, तपकिरी, कडक, पंचवीस वर्षांचे. त्यांना असा कुबट वास येत होता की लुदोविकने तोंड फिरवले. ती तिघेही केव्हाच वारलेली, आणि पोचवायला त्यांच्या मागे घरही नव्हते. ओदेतआईने ते रुमाल तोंडाजवळ नेऊन हुंगले.

"स्वच्छ रुमाल म्हणतात ते हे," ती म्हणाली आणि न धुताच पिशवीत घातले.

लुदोविकने भीत भीत सहीचे विचारले. ती म्हणाली, "नाव नाही द्यायची. ते तिघांचं होतं, तेही गेले. तू तुझं नाव लाव, पोरा. आणि तो फेस बंद कर. वजडी चावायची असते. मंगळवारी ये घरी, शिकवते."

तो गेला. सात मंगळवार गेला, आठव्यांदा वजडी जमली. आता दारावर त्याचेच नाव आहे. वेल काढून टाकली, तो चिकट गोळा तेवढा राहिला. माझ्या चाळीस खणांतले पाच सध्या भरलेले आहेत. बारा नंबर एका बसचालक बाईचा आहे. ती जेवताना बोलत नाही, कुणाच्या आठवणी काढत नाही, फक्त रुमालाचे पार वाटोळे करून ठेवते. मला ती फार आवडते.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत कुणीतरी चुलीपुढे उभे असेल. ते बंद पडल्यावर डोळे पुसायला कुणालाही येते. त्याला कोरा रुमालही पुरतो. तुम्ही मंगळवारी दुपारी जा, पोटभर जेवा आणि रुमाल मळवून या.