लपवलेलं दुखणं

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या बोरगावकरांच्या घरी सकाळचे पोहे झाले की सुरुची चहाच्या घोटाबरोबर एक गोळी घ्यायची. ती घशाखाली उतरेपर्यंत तिच्या आईचा, विमलताईंचा हात परातीतल्या कणकेवर थांबलेला असे. मग सुरुची स्कूटी काढून आनंद नगरच्या बालवाडीत जाई. तिथली चिमुरडी पोरे 'दीदी, दीदी' करत तिच्या ओढणीला लोंबकळत.

ही घडी बसायला फार दिवस लागले होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना सुरुचीला भिंतीपलीकडून आपल्याबद्दल कुणी बोलते आहे असे ऐकू येऊ लागले. अन्न सुटले, झोप उडाली. नशिबाने डॉक्टर चांगले भेटले आणि औषध लागू पडले. "बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही. मला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही," असे त्यांनी निक्षून सांगितले होते.

शिवाय मायलेकी दर महिन्याला कोटरा सुल्तानाबादला जात. तिथल्या एका सभागृहात मनाचे आजार सोसलेली माणसे आणि त्यांच्या घरचे लोक एकत्र बसत, बोलत, कधी खळखळून हसतही. विनिता मॅडम तो गट चालवत. घरी परतताना शेजारणीने हटकले, की विमलताई म्हणत, "भजनाला गेलो होतो." सुरुची तेवढ्यापुरती मान दुसरीकडे वळवी.

त्या हिवाळ्यात इंदूरहून सुरुचीच्या वडिलांची, सुभाषरावांची थोरली बहीण लीलावती स्थळ घेऊन आली. मुलगा सत्यजित तिथल्याच बँकेत, एकुलता एक, स्वतःचे घर. सुभाषराव कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मुलीच्या लग्नाच्या काळजीने खंगले होते. त्यांचा चेहरा उजळला.

"पण त्यांना सांगायला हवं ना?" विमलताईंनी भीतभीत विचारले.

"काय सांगणार, वहिनी? आमची मुलगी वेडी होती म्हणून?" लीलावती म्हणाल्या. "लग्न झालं, कूस उजवली, की असली दुखणी आपोआप पळतात. आणि त्या गोळ्या आधी बंद करा. सासरी कुणी पाहिल्या तर दुसऱ्या दिवशी दारात आणून सोडतील."

विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिले. सुभाषराव म्हणाले, "ताई बोलते त्यात तथ्य आहे. आता तर ती ठणठणीत आहे."

डॉक्टरांचे बोलणे विमलताईंच्या ओठांवर आले होते. विनिता मॅडमही एकदा म्हणाल्या होत्या, की सगळे ऐकून जो हो म्हणेल तोच आपला जावई. पण या घरात नणंदेसमोर विमलताईंचा शब्द कधी टिकला नव्हता. त्या उठून चहा टाकायला गेल्या.

सत्यजित भेटायला येणार होता, त्या दुपारी सुरुचीने साडी नेसता नेसता सांगून टाकले, "आई, मी त्याला खरं सांगणार आहे. मला झूठ बोलून लग्न नाही करायचं."

"बाबांना काय वाटेल?"

"आणि मला काय वाटेल, त्याचं काय?"

विमलताईंनी तिचे दोन्ही हात धरले. "माझी शपथ आहे तुला. एकदा संसार मार्गी लागू दे. मग सांग."

सुरुची आणि सत्यजित तलावाकाठी फिरून आली. सत्यजित मोकळा, हसरा वाटला. पाहुणे गेल्यावर सुरुचीने कपडे बदलले, पुन्हा स्वयंपाकघरात आली आणि एवढेच म्हणाली, "नाही सांगितलं. तू शपथ घातलीस ना."

लग्न थाटात झाले. हळदीच्या आधीच गोळ्या थांबल्या होत्या. मांडवात सुरुची इतकी शांत आणि देखणी दिसत होती, की विमलताईंनाही वाटले, नणंदेचे खरे तर नसेल?

पहिले काही दिवस फोनवर हसणे ऐकू येई. मग आवाज बारीक होत गेला. एके दिवशी सुरुची कुजबुजली, "आई, इथे मी पाणी प्यायले तरी किचनमध्ये बोलतात. मी ऐकलंय."

विमलताई फोन ठेवून तडक सुभाषरावांकडे गेल्या. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

"अहो, आपण इंदूरला जाऊ. औषध देऊन येऊ."

"नवं घर आहे. रुळेल हळूहळू," सुभाषराव म्हणाले, पण त्यांची नजर वर आली नाही.

"निदान कुरिअरने तरी पाठवते."

त्यावर लीलावतींचा फोनवरून जवाब आला, "आणि सासूने पुडकं उघडलं तर? तुमच्या हाताने तिचा संसार मोडाल."

पुडके गेले नाही. विमलताई एकट्या इंदूरची बस पकडू शकल्या असत्या. रोज सकाळी त्या तसे ठरवत, आणि रोज दुपारपर्यंत धीर खचे.

तिकडे सुरुचीने अन्न टाकले. सासू रत्नप्रभाबाई दुष्ट नव्हत्या, पण आपल्या सुनेला आजार आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. त्यांना वाटले, बाहेरची बाधा झाली. सत्यजित कामासाठी परगावी गेलेला असताना त्यांनी तिला गावाबाहेरच्या एका महाराजांकडे नेले. त्या महाराजाने तिला उपाशी कोंडले आणि मिरच्यांची धुरी दिली. दार उघडे सापडताच सुरुची अनवाणी पळत सुटली. मे महिन्याचे ऊन, तापलेली सडक. पोलिसांना ती हमरस्त्याच्या कडेला बेशुद्ध सापडली. दोन्ही तळपायांची सालटी निघाली होती.

भोपाळच्या इस्पितळात तिला आणले, तेव्हा ती आईकडे पाहून भिंतीला चिकटली. डॉक्टरांनी कुणाला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. पण पूर्वीइतकी सावरेल का, ते आज मी सांगू शकत नाही."

सत्यजित वऱ्हांड्यात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. "आई, मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही," तो विमलताईंना म्हणाला. "कदाचित नाही म्हटलं असतं. कदाचित रोज स्वतः गोळी दिली असती. पण तुम्ही मला विचारलंच नाही हो." तो खाली मान घालून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या बायका घरी चौकशीला आल्या.

"सुरुची इथल्या दवाखान्यात आहे म्हणे? काय झालं?"

"कावीळ," सुभाषराव झटकन म्हणाले. "उन्हाळ्यात साथ असतेच ना."

विमलताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. तो त्यांनी खाली ठेवला.

"कावीळ नाही. सुरुचीला मनाचा आजार आहे. आधीपासून होता. औषधाने ती छान होती. लग्नासाठी आम्ही तिच्या गोळ्या बंद केल्या आणि सासरच्यांपासून सगळं लपवलं. म्हणून ती आज इस्पितळात आहे."

"विमल!" सुभाषराव ओरडले.

"ओरडा. पण यापुढे या घरात कुणी कावीळ म्हणायचं नाही."

एकीने पदर सावरला, दुसरीने घड्याळ पाहिले. चहा तसाच राहिला. जाताना एकीचे जिन्यातले पुटपुटणे विमलताईंनी ऐकले, "बरं झालं, माझ्या जितेंद्रसाठी हिचं स्थळ विचारलं नाही." सुभाषराव आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. पाठमोरे त्यांचे खांदे हलत होते.

विमलताईंनी मऊ वरणभात डब्यात भरला आणि त्या इस्पितळात गेल्या. सुरुची खाटेवर बसली होती, पायांना पट्ट्या. तिने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला तोंड फिरवले.

"बाळा," विमलताई म्हणाल्या, "आज मी सगळ्यांना खरं सांगितलं."

सुरुचीने आईच्या तोंडाकडे पाहिले. ती शब्द गोळा करत असावी.

"आधी सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.