डोळ्याला दिवा

त्या दसऱ्याला दीपालीचा सगळा जीव एका काळ्या पेटीत अडकला होता. रत्नागिरीतल्या कॉलेजची प्रयोगशाळा सुट्टीमुळे ओस होती. खिडक्यांना काळे पडदे लावून ती प्रकाशाचा एकेक कण दोन फटींकडे सोडत होती. कण जातो एकटाच, तरी पलीकडे हळूहळू पट्टे उमटतात. आणि तो कुठल्या फटीतून गेला हे बघायला जावं, तर पट्टे गायब. बघणाऱ्यानेच खेळ मोडायचा, असला हा हट्टी कारभार. निम्मे पट्टे उमटले होते. कण टिपणारी नळी मुंबईच्या एका संस्थेने, तिने हातापाया पडल्यावर, कशीबशी उसनी दिली होती. पीएचडीची वाढवून घेतलेली मुदतही संपत आली होती. पुन्हा ना मुदत मिळणार होती, ना नळी.

अशात तिचे वडील भागोजी पालीहून एसटीने आले. पिशवीत झेंडूची माळ, आपट्याची पानं आणि निरांजन. घरचा कोयता, नांगर पुजून झाले होते. मग लेकीचं हत्यार तेवढं बिनपूजेचं कसं ठेवायचं?

"भायरनंच कुंकू लाव हां बाबा," दीपाली म्हणाली. "आत मशीनचा डोळा हाय."

एवढं सांगून ती त्यांच्यासाठी चहा आणायला टपरीवर गेली. अक्कल गहाण टाकली होती म्हणायची.

परत आली तेव्हा ट्यूबलाइट लागलेली होती, काळं कापड नीट घडी करून बाजूला ठेवलेलं होतं, आणि उघड्या पेटीतल्या नळीला भागोजी मन लावून ओवाळत होते. तिच्या हातातला चहा सांडला. तिने धावत जाऊन लाइट बंद केला, निरांजन फुंकून विझवलं, झाकण लावून वर कापड टाकलं. दसऱ्याच्या दिवशी दिवा फुंकलेला बघून भागोजी चरकले.

"तूच सांगतलंस ना, डोळा हाय म्हणून?" ते म्हणाले. "मग डोळ्याला पयला दिवा नको दाखवायला?"

चालू नळीला भर उजेड दाखवणं म्हणजे तिला जाळणं. हे दीपालीने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ती स्क्रीनसमोर बसली. नळीला जितका उजेड दिसेल, तितकी तिथली रेघ वर चढायची. "उतर, उतर गो बाय," असं त्या रेघेला विनवत राहिली. पेटीत आता मिट्ट काळोख होता, कणांची वाटही तिने बंद केली होती, तरी रेघ वरच्या कडेला चिकटलेलीच. नळीला काळोखातही उजेडच दिसत होता. उरलेले पट्टे आता उमटणार नव्हते. इतक्या वर्षांचं सगळं संपलं होतं.

भागोजींनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. महिनोन्‌महिने फोनवर त्यांनी लेकीचं एकच रडगाणं ऐकलं होतं: बाबा, रेघ वर जात नाय.

"गेली ना गो वर?" त्यांचा आवाज भरून आला. "काळोखात पण दिसतंय त्याला."

त्यांनी आपट्याचं पान तिच्या हातावर ठेवलं. "सोनं घे."

पान मुठीत धरून ती नमस्काराला वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवून तशीच राहिली. वर बघितलं असतं, तर त्यांना तिचा चेहरा दिसला असता.