सगळ्या कचेऱ्यांचा एकुलता एक रॅम्प

मी एक जुना लाकडी रॅम्प आहे. मित्रांनो, ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांना चाकांच्या खुर्चीसकट वर जाता यावे म्हणून पायऱ्यांवर टाकतात ना, तो मी. दिसायला एखाद्या आडव्या पडलेल्या दारासारखा आहे. आत्ता एका सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर पाठ टेकून पडलो आहे, आणि वर उंबऱ्याशी उभा असलेला शिपाई मला उचलावे की राहू द्यावे याचा विचार करतो आहे. त्याला वेळ लागेल. असले निर्णय साहेब घेतात आणि साहेब परदेशी गेले आहेत. तेवढ्यात माझी हकिगत सांगून घेतो.

माझा जन्म झाडापासून झाला असे तुम्हाला वाटेल. झाड होतेच, पण त्याच्याही आधी एक वचन होते. आमच्या सरकारने दूरच्या एका भल्यामोठ्या सभागृहात, अनेक देशांच्या देखत, उभे राहून सांगितले की आम्ही माणसांचे हक्क जपू. कोणत्याही माणसाला कोणत्याही सरकारी दारातून मानाने आणि स्वतःहून आत येता येईल. टाळ्या झाल्या. मी तेव्हा वखारीत ओंडका होऊन पडलो होतो, त्यामुळे त्या ऐकल्या नाहीत. पण पुढे इतक्या भाषणांतून त्यांचे वर्णन कानी आले की आता त्या मला पाठ आहेत.

काही वर्षांनी त्या सभागृहातून विचारणा आली, की वचनाचे काय झाले? मग धावपळ झाली आणि एका सुताराला बोलावणे गेले.

सुतार गप्पिष्ट होता. ऐकायला कोणी नसले तर लाकडाशी बोलायचा. त्याने पायऱ्या मापल्या, चढ अगदी सौम्य ठेवला, चाके घसरू नयेत म्हणून रबराच्या पट्ट्या ठोकल्या, दोन्ही बाजूंना काठ लावले. माझ्या मधल्या फळीत डोळ्यासारखी एक मोठी गाठ आहे. डबा घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, ही फळी बदला, दिसायला वाईट दिसते. सुतार म्हणाला, "राहू दे. सरकारी काम आहे, एक डोळा तरी उघडा असावा."

शहरात कचेऱ्या पुष्कळ आणि मागणी मात्र एकाच रॅम्पची. सुताराने आपली समजूत घालून घेतली, की बाकीचे दुसऱ्या सुतारांकडे दिले असतील. दुसऱ्या सुतारांनाही तसेच वाटले असते, पण दुसऱ्या कोणाला बोलावलेच नव्हते.

माझे उद्घाटन याच कचेरीच्या पायऱ्यांवर थाटात झाले. मला फीत बांधली. मंत्री स्वतः माझ्यावरून चढून गेले, फोटो नीट आला नाही म्हणून खाली उतरले आणि पुन्हा चढले. त्यांच्या पायांची ताकद बघून मला फार समाधान वाटले. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की फोटोत एखादी चाकांची खुर्ची असलेली बरी. म्हणून जवळच्याच रस्त्यावरून अल्टरवाल्या ताईंना बोलावून आणले.

अल्टरवाली ताई म्हणजे पॅन्टी आखूड करणारी, चेन बदलून देणारी, वजन वाढलेल्या माणसाचा कोट त्याला न हिणवता सैल करून देणारी बाई. लहानपणीच्या आजाराने तिचे पाय गेले होते आणि काही वर्षांपूर्वी नवरा गेला. दुकान तिचे, मशीन तिचे आणि जिभेची धारही तिचीच. त्या दिवशी साहेबांनी माईक हातात घेऊन सांगितले, "ताई, हा रॅम्प तुमचाच समजा. केव्हाही या."

ती आली. मागून ढकलायला सरसावलेल्या शिपायाला तिने हातानेच थांबवले आणि चाके स्वतः फिरवत चढू लागली. अर्ध्यावर थांबून ती वाकली आणि कापड पारखावे तसे माझ्या गाठीवरून बोट फिरवले. "घट्ट आहे," म्हणाली.

मित्रांनो, माझे खूप कौतुक झाले, पण तसे पुन्हा कोणी बोलले नाही. मीही तेव्हा मनातल्या मनात तिला शब्द दिला. सरकारने दिला म्हणून मलाही धीर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला.

झाले होते असे, की दिलेले वचन पाळले जाते की नाही हे बघायला एक समिती नेमली गेली होती. ती एकेका कचेरीला भेट देणार होती. कचेरी बदलली की रॅम्पही बदलायला हवा. पण रॅम्प एकच असल्यामुळे कचेऱ्यांनी तो आळीपाळीने वापरायचे ठरवले. समिती पुढच्या रस्त्याने यायची आणि मी मागच्या रस्त्याने, थोडा आधी. मला उशीर झाला तर समितीचा चहा लांबवायचा. चहा लांबवणे हे एका कारकुनाचे स्वतंत्र काम होते आणि तो त्यात इतका तरबेज झाला होता, की साखर आणायला स्वतः बाजारात जायचा.

सुरुवातीला मला अभिमान वाटायचा. आज पाणीपुरवठा, उद्या आरोग्य, परवा आणखी कुठे. वाटायचे, इथेही कोणीतरी ताई माझी वाट बघत असेल. पण माझ्यावरून कोणी चढायच्या आत मी टेम्पोत असायचो. समिती तर शेजारच्या पायऱ्यांवरून जायची, कारण माझी पाहणी चाललेली असायची.

इकडे ताईच्या घरात वेगळेच शिजत होते. तिच्या धाकट्या दिराने अर्ज केला होता, की वहिनींना त्यांचे व्यवहार सांभाळता येत नाहीत, म्हणून त्यांचा पालक मला नेमावे. पालक म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही लहान आहात म्हणून तुमच्या वतीने आईवडील सह्या करतात ना, तसे ताईच्या वतीने दीर सह्या करणार. दुकान कोणाला द्यायचे, पैसे कुठे ठेवायचे, ताईने कुठे राहायचे, सगळे तो ठरवणार. दीर गोडबोल्या होता. "वहिनी, तुम्हाला कशाला त्रास," असे तो दर दुसऱ्या वाक्याला म्हणत असे.

अर्जाची सुनावणी माझ्याच कचेरीत होती. ताईला एवढेच करायचे होते, की स्वतः हजर राहून सांगायचे, माझे मला जमते. ती निश्चिंत होती. रॅम्प तिचाच होता.

सुनावणीच्या सकाळी मी दोऱ्यांनी बांधलेला टेम्पोत होतो. टेम्पो फाटकातून बाहेर पडत होता आणि ताई फाटकातून आत येत होती. तिने खुर्ची सरळ टेम्पोसमोर आणून उभी केली.

"दादा, हा कुठे चाललाय?"

"शिक्षण खात्यात, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "तिथे समिती येतेय."

"आणि माझी सुनावणी इथे आहे."

"तासाभरात आणतो परत."

"तासाभरात माझं दुकान दिराच्या हातात जाईल."

ड्रायव्हरने वर बघितले. खिडकीत साहेब उभे होते. त्यांनी हाताने 'चल, चल' अशी खूण केली. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "मी नुसती गाडी चालवतो, ताई."

ती चाके मागे घेऊन बाजूला झाली. मला तिला ओळख द्यायची होती, पण नेमकी माझ्या गाठीवरच दोरी आवळलेली होती.

पुढचे मला संध्याकाळी समजले, शिपाई ड्रायव्हरला सांगत होता तेव्हा. दीर दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत ओलांडत वर गेला. शिपाई मनाने वाईट नव्हता. तो ताईला म्हणाला, आम्ही दोघे तुम्हाला उचलून नेतो की, त्यात काय एवढे. ताई म्हणाली, "माझं मला जमतं की नाही, हेच तर वर ठरणार आहे. उचलून आणलेल्या बाईचं कोण ऐकेल?"

तिने निरोप पाठवला की साहेबांनीच पाच मिनिटे खाली यावे. साहेबांनी उलट निरोप पाठवला की सुनावणी दालनातच होत असते. मग रीतीप्रमाणे शिपायाने दारात उभे राहून तिच्या नावाचा तीनदा पुकारा केला. तिन्ही वेळा खालून उत्तर आले, "हजर." आवाज सगळ्या इमारतीत ऐकू गेला. पण उंबऱ्याच्या आत असतो तोच हजर, असा तिथला नियम होता. कागदावर लिहिले गेले, 'अनुपस्थित.'

निकालात म्हटले होते, की सदर बाई स्वतः येऊ न शकल्याने त्या स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास असमर्थ दिसतात. निकालाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात माझा फोटो छापलेला होता, मंत्र्यांसकट.

मला अजूनही आशा होती, कारण समितीच्या अध्यक्षबाईंची नजर तीक्ष्ण होती. प्रत्येक कचेरीत त्या चष्मा सावरून वाकत आणि माझ्या गाठीकडे बघत. दुसऱ्या कचेरीत बघितले, तिसऱ्या कचेरीत जरा जास्त वेळ बघितले. शेवटच्या कचेरीत त्यांनी गाठीवर तळवा ठेवला आणि मान वळवून ड्रायव्हरकडे पाहिले. ड्रायव्हरला दरदरून घाम फुटला. मी मनात म्हणत होतो, बाई, बोला. एकदा बोलून टाका.

अहवालाचे वाचन माझ्याच कचेरीच्या पायऱ्यांपाशी झाले, म्हणून मला ते ऐकायला मिळाले. त्यात एक वाक्य असे होते: 'सर्व कचेऱ्यांमधील रॅम्प एकाच दर्जाचे असून लाकडातील गाठदेखील सर्वत्र एकाच जागी आढळते, यावरून कामातील शिस्त दिसून येते.'

टाळ्या झाल्या. या वेळी मी त्या स्वतःच्या कानांनी ऐकल्या.

अध्यक्षबाईंना कळले नव्हते, की कळूनही त्यांनी तसे लिहिले, हे मला आजवर समजलेले नाही. दोन्हींपैकी कशाचे मला जास्त वाईट वाटावे, हेही ठरत नाही.

अहवाल झाल्यावर माझी गरज संपली. कोणीतरी मला कचेरीच्या मागे मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर टाकले. उन्हाने माझे रबर सुटले, कडा पिचल्या. मधूनमधून साहेबांची स्कूटर सावलीत चढवायला माझा उपयोग व्हायचा. स्कूटरला कधी कोणी तारीख विचारली नाही की पुकारा केला नाही. ती आपली मानाने वर जायची. शेवटी कचेरीने भंगार काढले आणि त्यात मी गेलो. मला विकत घेतले ताईच्या दिराने. त्यालाही स्कूटरच चढवायची होती, ताईच्या दुकानात.

अशा रीतीने मी तिच्या दारात पोचलो. मशीन कोपऱ्यात सरकवलेले होते आणि मधोमध स्कूटरची जागा आखलेली होती. साधे दोऱ्याचे रीळ आणायचे तरी तिला दिराला विचारावे लागे. ती दारापाशी आली, वाकली आणि तिला माझी गाठ दिसली. मग म्हणाली, "आलास? सगळ्या गावाला वर चढवून आलास का?"

मित्रांनो, लाकडाच्या डोळ्याला पाणी येत नाही, नाहीतर मी त्या दिवशीच कुजलो असतो.

पण ताई हातावर हात धरून बसणारी नव्हती. निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून तिने अर्ज केला होता आणि त्याची तारीख आजची होती. आज सकाळी दीर स्कूटरवरून कामाला गेला आणि तोच जुना टेम्पो दुकानासमोर येऊन थांबला. ताईनेच बोलावला होता. ड्रायव्हर तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

"दादा, आज कुणी खिडकीतून हात हलवला तर?" ताईने विचारले.

"मान दुखतेय, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "वर बघता येत नाही."

त्याने मला या पायऱ्यांवर टाकले. शिपाई धावत आला आणि म्हणाला, खासगी सामान सरकारी पायऱ्यांवर ठेवायला परवानगी लागते. ती कुठे मिळते, असे ताईने विचारले. वर, साहेबांच्या दालनात, असे त्याने सांगितले. "मग तीच आणायला चाललेय," म्हणून ताई चढू लागली. माझ्या फळ्या करकरल्या. एक पट्टी सुटली. पण मी घट्ट राहिलो. तिने अर्ध्यावर थांबून गाठीला हात लावला नाही. तेवढा लोभ आता उरलेला नाही, आणि तिची चूकही नाही.

माझे वरचे टोक उंबऱ्यावर टेकलेले आहे, त्यामुळे आतले मला ऐकू येते. पुकारा झाला. "हजर," ताई आतून म्हणाली. मोठ्या कारकुनाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि त्याला 'हजर' असे लिहावे लागले. मग त्याने सांगितले की आज काही होणार नाही. साहेब परदेशी गेलेत, त्या सभागृहात रॅम्पची माहिती द्यायला.

"येऊ देत," ताई म्हणाली. "मी बसते. पॅन्टी आणल्यात शिवायला."

ती साहेबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर शिवत बसली आहे. ड्रायव्हरने दारातून हळूच विचारले, की रॅम्प घेऊन जाऊ का.

"राहू दे, दादा. मला उतरायचंय."

ड्रायव्हर टेम्पोत जाऊन बसला आहे. त्याने इंजिन बंद केले आहे. शिपाई अजून माझ्याकडे बघतो आहे.

मित्रांनो, मला रंग द्या, फीत बांधा, माझ्यावर निबंध लिहा, असे मी सांगणार नाही. ते सगळे माझे झालेले आहे. तुम्ही शाळेत जाता-येता या रस्त्याने जात असाल, तर या पायऱ्यांकडे एकदा बघत जा. मी दिसलो तर पुढे चला. नाही दिसलो तर आत जाऊन मोठ्याने विचारा, की रॅम्प कुठे आहे. वर एक बाई बसलेली आहे आणि तिला खाली यायचे आहे.