वन्संनी दाखवलेलं शहर

या परक्या राजधानीत मला चार वर्षं झाली होती आणि मी तिथलं काहीही पाहिलेलं नव्हतं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात शिवणकामाची खोली आहे. तिथे मी आणि आणखी एक शिवणारी, अशा आम्ही दोघी बसतो. वेटरांच्या कोटांची बटणं, आखूड करायच्या पँटी, उसवलेले अभ्रे. खोलीला खिडकी नाही. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते आलेल्या कोटांच्या वासावरून कळतं. सुट्टीच्या दिवशी धुणं धुवायचं, घरी नवऱ्याला आणि मुलीला फोन करायचा आणि झोपायचं.

वन्सं आल्या त्या आठ दिवसांसाठी. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एकतीस वर्षं इस्पितळात नोकरी, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. त्यांच्यासमोर डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहायचे. भावाची बायको एकटी कशी राहते ते बघायला आले, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. मग माझ्या खोलीतली गॅसची नळी पाहिली, खिडकीची कडी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे माझी बॅग होती. ‘‘बरं,’’ म्हणाल्या.

मला सुट्टी थेट रविवारी. म्हणून मंगळवारी सकाळी मी त्यांना पर्यटकांच्या उघड्या टपाच्या दुमजली बसमध्ये बसवून दिलं. ही बस दिवसभर शहरात गोल फिरते. हवं तिथे उतरायचं, बघायचं, मागून येणाऱ्या बसमध्ये चढायचं. हे मी तीनदा सांगितलं. वर हॉटेलच्या पत्त्याची चिठ्ठी दिली. ती त्यांना वाचता येईना, कारण ती इथल्या भाषेत होती.

संध्याकाळचे सहा वाजले तरी वन्सं आल्या नाहीत. फोन बंद. नवऱ्याला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागले, पण एक वाक्य जमेना. शेवटी बसचा डेपो गाठला.

वन्सं ऑफिसात खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. समोर ड्रायव्हर, तिकीट देणारी बाई आणि डेपोचे साहेब, तिघंही उभे. तिकीटवाल्या बाईने मला सगळं सांगितलं. वन्सं कुठेच उतरल्या नव्हत्या. तिसऱ्या फेरीत ऊन लागून एक म्हातारा प्रवासी वरच्या मजल्यावर कोसळला. लोक गोंधळले. वन्संनी सगळ्यांना हाताने बाजूला सारलं, म्हाताऱ्याला आडवं केलं, त्याचे पाय स्वतःच्या पर्सवर उंच ठेवले, नाडी धरली आणि ड्रायव्हरला मराठीतून इस्पितळात घ्यायला सांगितलं. ड्रायव्हरने घेतलं. म्हातारा आता बरा होता.

‘‘त्याला कळलं कसं?’’ मी वन्संना विचारलं.

‘‘न कळायला काय झालं? मी सांगितलं ना.’’

साहेबांनी त्यांना आठवडाभराचा पास दिला. मग ड्यूटीवर जावं तशा वन्सं रोज नऊला निघू लागल्या. आज काय पाहिलं म्हटलं की उत्तर एकच, ‘‘रविवारी कळेल.’’

रविवारी त्यांनी मला वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसवलं. माहिती ऐकायचं यंत्र मी कानाला लावलं, ते काढायला लावलं. तिकीटवाल्या बाईने खाणाखुणा करून, चित्रं काढून त्यांना सगळं समजावलं होतं. ‘‘हा पूल दोनदा पडला. आता नाही पडायचा,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘हा घोड्यावरचा लढाई हरला होता, तरी पुतळा आहे.’’ नंतर मी चौकशी केली, तर पुलाचं खरं होतं. घोड्यावरचा जिंकला होता. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढे एका भल्यामोठ्या पांढऱ्या इमारतीसमोर बस थांबली. लोक फोटो काढू लागले. मी कामाला मागच्या दाराने जाते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला.

‘‘तुझं हॉटेल,’’ वन्सं म्हणाल्या.

खिडक्यांना फिकट पिवळे पडदे होते. गेल्या हिवाळ्यात ते आम्ही दोघींनी शिवले होते. मी तसं म्हटलं.

‘‘यातले कुठले?’’

‘‘सगळे.’’

वन्सं तळमजल्यापासून मोजू लागल्या. बस सुटली तरी मान वळवून मोजत होत्या. एकशे चाळिसाव्या खिडकीला झाड आडवं आलं. एक कारंजं आणि एक संग्रहालय माहितीशिवाय निघून गेलं.

त्या परत गेल्यावर नवऱ्याचा फोन आला. ताईने दोन गोष्टी बजावल्या होत्या. हिने डोळे तपासून घ्यावेत, आणि त्याने दर फोनला ‘कधी येतेस’ विचारू नये. त्याने विचारलं नाही. माझा जीव हलका झाला, आणि हलका झाला म्हणून वाईटही वाटलं.

पुढच्या रविवारी धुणं तसंच टाकून मी बाहेर पडले. पहिली आली ती बस धरली आणि शेवटच्या थांब्यावर उतरले. तिथे एक कालवा होता. दोन माणसं गळ टाकून बसली होती. तासाभरात त्यांना काही मिळालं नाही. भूक लागली तेव्हा मी उठले.

‘‘आई, काय पाहिलंस?’’ मुलीने फोनवर विचारलं.

‘‘कालवा.’’

‘‘काय होतं त्यात?’’

‘‘पाणी,’’ मी म्हटलं.